रद्दीतून वाचवलेली पानं

मंडळी, ही स्मरणिका हातात आल्यावर तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. आधी स्वतःचा फोटो शोधाल, मग अध्यक्षांचं मनोगत चाळाल, मुलांची चित्रं बघाल आणि मधेमधे येणारी जाहिरातींची पानं अंगठ्यानं भराभर पुढे ढकलाल. त्यात वावगं काही नाही, सगळेच तसं करतात. पण या अंकाच्या छपाईचं बिल कोणी भरलं, ते एकदा स्मरणिका समितीला विचारा. ते भरलं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं, लिफ्टच्या देखभालवाल्यानं, पतपेढीनं आणि क्लासच्या सरांनी. मनोगत आणि कविता त्यांच्या जिवावर छापल्या गेल्यात.

ही रीत आपल्या सोसायटीनं काढलेली नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तो ओळखला जातो. तेव्हापासून आजपर्यंत मराठी माणसानं दिवाळीत जे वाचलं, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा साबण, तेल, दंतमंजन आणि काढ्यांनी उचलला. कथाकाराचं नाव अनुक्रमणिकेत येतं. तेलवाल्याचं नाव कुठल्याच वाङ्मयेतिहासात येत नाही.

मी गेली पस्तीसेक वर्षं नेमकी हीच पानं गोळा करतोय. आज माझ्याकडे साधारण एकोणीसशे पानं आहेत, चौदा खोक्यांत. आमच्या सौ. त्यांना ‘तुमचा कचरा’ म्हणतात, पण पावसाळा आला की खोक्यांवर प्लास्टिक तीच घालते. समितीनं लेख मागितला तेव्हा या पानांविषयीच लिहायचं ठरवलं, कारण त्यांत आपल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांचं घर आहे, आणि शेवटी आपली सोसायटीही आहे.

खिळ्यांच्या पेटीपासून

मी १९७६ साली गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, म्हणजे खिळे जुळवणारा. पुढे मुद्रितं तपासायला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीचं चित्र आमच्याकडे तयार ब्लॉकच्या रूपात यायचं, जस्ताचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला. तोच ब्लॉक चार मासिकांना जायचा. मजकूर मात्र कधी कधी आम्हीच जुळवायचो, आणि तो इंग्रजीवरून घाईघाईनं उतरवलेला असायचा. त्यातलं मराठी वाचून आम्ही खो खो हसायचो.

आमच्या धंद्याला गिरगावात जुनी परंपरा होती. बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था १९०५ मध्ये गिरगावातच सुरू झाली, आणि देशातली सगळ्यात जुनी म्हणून ती सांगितली जाते. परदेशी संस्था नंतर आल्या. जे. वॉल्टर थॉम्प्सन १९२९ मध्ये मुंबईत आली ती जनरल मोटर्सच्या पाठोपाठ, कारण त्या कंपनीनं १९२८ पासून मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. म्हणजे आधी माल आला आणि मागोमाग त्याचं कौतुक करणारे आले.

जाहिराती जपायचं वेड लागलं ते बाइंडिंग खात्यात. वाचनालयांचे जुने अंक बांधणीला यायचे. बारा अंकांचं एक जाडजूड पुस्तक बांधताना बाइंडर आधी कव्हरं आणि जाहिरातींची पानं फाडून बाजूला टाकायचा. जाडी कमी, दोरा कमी, खर्च कमी. ती पानं खळ लावायला नाहीतर वडापाव बांधायला जायची. मी एकदा सहज त्या ढिगातून एक पान उचललं. त्यावर एका कंदिलाची जाहिरात होती. मला वाटलं, या अंकातली कथा तर पुस्तकात राहील, पण हा कंदील उद्या कुठे सापडणार? त्या दिवसापासून बाइंडर मला हाक मारायला लागला. म्हणायचा, “अहो, तुमचा माल आलाय.”

पुढे विरार लोकलच्या प्रवासात आणि रद्दीवाल्यांच्या दुकानांतून हा माल वाढत गेला.

जाहिरात काय सांगते

तो कंदील होता प्रभाकर कंदील, कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचा. हा कारखाना १९१६ चा. त्याआधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, लोकांकडून एकेक पैसा जमवून. परदेशी काच नको, आपली हवी, एवढा साधा हट्ट. त्या काळच्या जाहिरातींत ‘स्वदेशी’ हा शब्द आज आपण ‘ऑफर’ म्हणतो तितक्या वेळा येतो. साबणापासून आगकाडीपर्यंत सगळं स्वदेशी. त्यातलं काही खरोखरच स्वदेशी असे, काहींचं फक्त वेष्टन. पण लोक कशाला भुलत होते ते कळतं. आपल्या भागात विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ मध्ये आली. गाडी विजेवर धावत होती, पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी घरांत त्यानंतरही बरीच वर्षं रात्री कंदीलच पुसला जात होता. म्हणून कंदिलाच्या जाहिराती छापल्या जात राहिल्या.

दुसरं माझं आवडतं प्रकरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. म्हणजे नुसता नांगर करून भागत नव्हतं, नांगराची भीती आधी घालवावी लागत होती. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली. कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देणारं ते पत्र होतं, म्हणजे एका अर्थी जाहिरातच. आणि त्या जाहिरातपत्राचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. त्यात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. त्याचीच भावंडं ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४). इतर मासिकांनी जाहिरात पोटात घेतली. इथे जाहिरातीच्या पोटी मासिक जन्माला आलं, आणि त्यानं मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या घडवल्या.

साबणाची गंमत निराळी. जुन्या काळी साबणात जनावरांची चरबी असते म्हणून कितीतरी घरांत तो देवघरापासून लांब ठेवत. गोदरेजनं वनस्पती तेलांपासून साबण केला आणि तेच जाहिरातीतून ठासून सांगितलं. रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केलेली जाहिरात आजही संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. नोबेल मिळालेला कवी साबणाची शिफारस करतो, हे आज आपल्याला विचित्र वाटेल. पण त्यांच्या दृष्टीनं तो साबणापेक्षा स्वदेशीचा प्रश्न होता.

मग कवीची जागा नटीनं घेतली. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. अशा जाहिरातीत आलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री, आणि आपल्या मराठी. त्या पदवीधर होत्या, मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेल्या होत्या. त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीच्या भूमिकेला बाई मिळाली नव्हती, ती साळुंके नावाच्या पुरुषानं केली. एका पिढीत सिनेमातली बाई ‘नको’वरून ‘तिच्यासारखी त्वचा हवी’ इथपर्यंत आली. समाजसुधारणेच्या पुस्तकात हा बदल सापडायला वेळ लागेल. साबणाच्या पानावर तो लगेच दिसतो.

डोंगरे बालामृताचं गुटगुटीत बाळ, काळबादेवीच्या पत्त्यावरून मिळणाऱ्या आतंकनिग्रह गोळ्या, कामिनिया तेल, अफगाण स्नो, अमृतांजन. ही नावं वाचली की आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर अर्धा तास सहज जातो. डालडा १९३७ चा. तूप न परवडणाऱ्या घरांत तो शिरला आणि साजूक तुपाची आठवण काढत काढत राहिला. त्याचा ताडाच्या झाडाचा पिवळा डबा तर तुमच्यापैकी अनेकांच्या गॅलरीत तुळशीसकट होता. माल संपला तरी जाहिरात वीस वर्षं खिडकीत. दांडेकरांची शाई १९३१ ची. आधी घोडा छाप, मग उंट. तोच उंट पुढे आपल्या शेजारच्या तारापूरच्या एमआयडीसीत आला.

चित्रांबद्दल एक सांगतो. विलायतेत जॉन मिले या नामवंत चित्रकारानं १८८६ मध्ये साबणाचे फुगे बघणाऱ्या आपल्या नातवाचं चित्र काढलं. पेअर्स साबणवाल्यांनी ते विकत घेऊन त्यात साबणाची वडी घातली आणि जाहिरात केली. तेव्हा तिकडे मोठा गहजब झाला, की कला बाजारात नेली. आपल्याकडे असा गहजब फारसा झाला नाही. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रं मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर छापून घरोघरी गेली, आणि लोकांनी ती चौकटीत घालून देवघराशेजारी लावली. खाली कंपनीचं नाव असलं तरी लक्ष्मीला हळद-कुंकू वाहायला कोणाची हरकत नव्हती.

पानाचं वय ओळखायचं कसं

सुट्या पानावर बहुधा अंकाचं नाव नसतं, साल नसतं. मग ते कधीचं हे कसं ओळखायचं? आपल्या सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांना मी हा खेळ शिकवलाय. तुम्हीही घरी करून बघा.

आधी किंमत बघा. रुपये, आणे, पै असं लिहिलं असेल तर पान १९५७ च्या आधीचं किंवा त्याच्या अगदी जवळपासचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया गेला, शंभर पैशांचा आला. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर पान १९५७ ते १९६४ मधलं, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द काढला. नवेपण सात वर्षांत संपलं!

मग वजन बघा. शेर, तोळा, पौंड, औंस असेल तर जुनं. किलो-ग्रॅम १९५८ नंतर टप्प्याटप्प्यानं आले.

मग पत्ता. ‘मुंबई इलाखा’ असेल तर स्वातंत्र्यापूर्वीचं. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६० नंतरचं. ‘मुंबई ४’ असेल तर पिनकोडच्या आधीचं, ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर नंतरचं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. जुना ४ हा आकडा नव्या पिनच्या शेपटीत अजून बसलाय, म्हणून गिरगावकर आजही ‘मुंबई चार’ म्हणतात.

आपल्या वसईची कसोटी आणखी सोपी. ‘बेसीन रोड’ लिहिलं असेल तर इंग्रजी वळणाचा जुना कागद. ‘नवघर-माणिकपूर नगर परिषद’ असेल तर ३ जुलै २००९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी चार नगर परिषदा आणि त्रेपन्न गावं मिळून आपली महापालिका झाली. ‘जिल्हा ठाणे’ असेल तर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. घरातले जुने कागद काढून बघा. आपल्यापैकी पहिल्या सभासदांच्या शेअर सर्टिफिकेटवर ‘जि. ठाणे’ आहे. फ्लॅट जागचा हलला नाही, तरी पंचवीस वर्षांत आपण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलो.

जाहिरातीतला मोठ्या अक्षरांतला मजकूर खोटं बोलू शकतो. पण तळाशी बारीक टायपात किंमत, वजन, पत्ता आणि ‘टपालखर्च निराळा’ हे असतं, तिथे खोटं बोलून कंपनीला चालत नाही. मी म्हणून पान नेहमी तळापासून वाचतो.

आत्याची ट्रंक

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल, काय गोड दिवस होते. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मित्रांना पानं दाखवायची, हसायचं, चहा प्यायचा.

१९९१ मध्ये माझी आत्या गेली. ती जन्मभर आमच्याकडेच होती, गिरगावातल्या दोन खोल्यांत. चाळीतल्या निम्म्या मुलींना तिनं शिवण शिकवलं. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी तिच्या हातावर आणि मग गळ्यावर पांढरे डाग उठले. कोड. त्यानं दुखत नाही, खुपत नाही, दुसऱ्याला लागत नाही. पण मुलगी बघायला येणारे यायचे थांबले.

तिची ट्रंक मी उघडली. लुगड्यांच्या खाली एका पिशवीत व्ही.पी.च्या पावत्या होत्या, एकोणीस. बरोबर एका मासिकातून फाडलेलं पान, घडीवर विरलेलं. पांढरे डाग ठरावीक दिवसांत जाण्याची हमी, न गेल्यास पैसे परत, शेजारी आधीचा आणि नंतरचा असे दोन चेहरे. खाली किंमत, पाच रुपये आठ आणे, टपालखर्च निराळा. पावत्या १९४९ ते १९५२ च्या. माझे आजोबा तेव्हा गिरणीत कारकून होते, पगार सत्तरच्या आत. वडील सांगायचे, त्या वर्षांत घरात दिवाळीला कपडे झाले नाहीत. ते का, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ती आता नाही, आणि तशी ती एकटीही नव्हती. माझ्या खोक्यांत त्या काळातली अशी शंभरावर पानं आहेत. कोड, दमा, फेफरं, क्षय, मूल न होणं, उंची वाढवणं. ज्या दुखण्यांवर डॉक्टर हात टेकत होते किंवा ज्यांच्याबद्दल घरात मोठ्यानं बोलायची चोरी होती, नेमक्या त्यांच्यावरच हमखास इलाज पोस्टानं घरपोच मिळत होता. बंद पाकिटात, कोणाला कळू न देता. लाजेवर चालणारा धंदा होता तो.

१९५४ मध्ये संसदेनं औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर त्यानं बंदी आली. त्याची अनुसूची मी मुद्दाम मिळवून वाचली. त्यात कोड आहे, फेफरं आहे, क्षय आहे, स्त्रियांचं वंध्यत्व आहे, माणसाची उंचीसुद्धा आहे. माझ्या खोक्यांची यादी आणि कायद्याची यादी जवळजवळ सारखी. कोणीतरी दिल्लीत बसून हीच पानं वाचली असणार असं मला वाटलं. आत्याला तो कायदा दोन-चार वर्षं उशिरा मिळाला.

कायद्यानं सगळं संपलं असंही नाही. गोरेपणाचं क्रीम १९७५ मध्ये आलं आणि मुलीचं लग्न आणि नोकरी तिच्या रंगावर ठरते हे आपल्याला टीव्हीवर चाळीसेक वर्षं सांगत राहिलं. फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ गेला तो २०२० मध्ये.

तेव्हापासून माझं गोळा करणं बदललं. आधी मी सुंदर चित्र असलेली पानं ठेवायचो. आता कुरूप पानं आधी उचलतो. सुंदर पानं कोणीतरी जपेलच, कॅफेच्या भिंतीवर लावेल. हमीच्या औषधांची बारीक टायपातली पानं कोण जपणार? पण आपल्या घरातल्या बायकांनी काय सोसलं याचा पुरावा त्यांतच आहे. आत्याच्या एकोणीस पावत्या आणि ते पान मी वेगळ्या पाकिटात ठेवलंय. ते मी कोणाला गंमत म्हणून दाखवत नाही.

‘स्टेशनपासून ७ मिनिटे’

आता आपल्याकडे वळतो. माझ्या तेराव्या खोक्यावर ‘वसई-विरार’ लिहिलंय. त्यात गणेशोत्सव मंडळांचे अहवाल आहेत, नाट्यस्पर्धांच्या आणि चर्चच्या सणांच्या स्मरणिका आहेत, आणि नव्वदच्या दशकातल्या घरांच्या जाहिराती आहेत. बोरिवलीच्या पुढे भाव परवडतो म्हणून आपण सगळे इकडे आलो. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, जोगेश्वरीच्या दहा बाय बारातून. आणि आपल्याला इकडे आणलं ते एका पत्रकानं.

आपल्या इमारतीचं मूळ पत्रक माझ्याकडे आहे. १९९९ मध्ये स्टेशनच्या पुलावर वाटत होते ते. त्यावर लिहिलंय, स्टेशनपासून ७ मिनिटे. २४ तास पाणी. मुलांसाठी बाग. चित्रात कारंजं आहे, झोका आहे, आणि एक कुटुंब बागेतून चालतंय, त्यातल्या बाईच्या हातात चक्क टेनिसची रॅकेट आहे. आमच्या सौ.नं पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून मोजलं, बावीस मिनिटं. पावसात त्याहून जास्त. पाण्याचं तर काय सांगू? पहिली काही वर्षं टँकर आला की जिन्यात बादल्यांचा आवाज व्हायचा आणि अख्ख्या विंगची झोप उडायची. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आज नळाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं तेव्हा आपल्या मुलांना त्यात विशेष काही वाटत नाही, हे बरंच आहे.

पण त्या पत्रकाचा उपयोग झाला. वार्षिक सभेत मागच्या मोकळ्या जागेवर पार्किंग वाढवायचा विषय निघाला होता. कोणीतरी म्हणालं, इथे बाग होणार होती असं ऐकलंय. ऐकलंय कशाला, मी पत्रक घेऊन आलो आणि टेबलावर ठेवलं. नकाशात त्या कोपऱ्यावर हिरवा रंग होता आणि ‘बाग’ असा शब्द होता. ज्यांनी ते वचन दिलं होतं ते केव्हाच हात झटकून गेले होते. पण वचन वाचल्यावर सभेतले आवाज खाली आले. प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी काढून आपणच ती बाग केली. कारंजं नाही, रॅकेटवाली बाई नाही, पण दोन झोके आणि एक घसरगुंडी आहे, आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

आता घरांच्या जाहिरातींसाठीही कायदा आहे. रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापावा लागतो, आणि जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून घर घेतलेल्या माणसाला भरपाई मागता येते. आत्याच्या औषधाला कायदा १९५४ मध्ये मिळाला, आपल्या बागेला २०१६ मध्ये. दोन्ही जाहिरातींची भाषा शेजारी ठेवून वाचा. हमी, थोडेच शिल्लक, आजच संपर्क साधा. सत्तर वर्षांत शब्दसुद्धा फारसे बदलले नाहीत. म्हणून सांगतो, नवीन घर घेणाऱ्या आपल्या मुलांनी पत्रक फेकू नये, पहिल्या दिवशीच फाइलला लावावं.

पाणी आणि दोरी

२०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं तेव्हाची आठवण सगळ्यांना आहे. लोकल बंद, रस्त्यात कमरेएवढं पाणी. माझी तीन खोकी तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीत होती, समितीनं आपुलकीनं जागा दिली होती. पाणी रात्रीत आत आलं. सकाळी ए विंगची मुलं आणि बी विंगमधल्या दोन काकू न बोलावता आल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्याच्या कठड्याला दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांसारखी पानं वाळत घातली. साधा खरखरीत कागद वाळला, थोडा पिवळा झाला, पण अक्षर राहिलं. गुळगुळीत आर्टपेपरची रंगीत कव्हरं मात्र एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. ती सुटली नाहीत. सुमारे दोनशे पानं गेली.

पण त्या चार दिवसांत एक झालं. जिन्यातून वरखाली करताना प्रत्येक जण थांबून वाचत होता. आमच्या मजल्यावरच्या आजींनी बालामृताचं बाळ ओळखलं आणि स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सुनेला पहिल्यांदा सांगितली. एका आजोबांना त्यांच्या वडिलांच्या दुकानाचं नाव एका जुन्या स्मरणिकेत सापडलं, अर्ध्या पानावर, ‘शुभेच्छुक’ म्हणून. वडिलांचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी त्या अर्ध्या पानाची झेरॉक्स काढून नेली.

एवढंच मागणं

आपल्यापैकी अनेकांच्या इमारती पुढेमागे पुनर्विकासाला जातील. आधी माळे रिकामे होतात आणि रद्दीवाल्याचा काटा येतो. त्याला बोलावण्याआधी एकदा चाळा. जुने दिवाळी अंक, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘अमृत’, ‘चांदोबा’, मंडळाचे अहवाल, कालनिर्णयची मागची पानं, घराची पत्रकं. जाहिरात तेवढी कापून घेऊ नका, पूर्ण पान ठेवा. सेलोटेप लावू नका, तो पुढे पिवळा पडतो आणि कागद खातो. टाचण्या काढा, गंजतात. मागच्या समासात पेन्सिलीनं अंकाचं नाव आणि साल लिहा. मोबाइलवर फोटो काढून ठेवाच, पण फोटो काढला म्हणून पान टाकू नका. ज्यांना जागा नाही त्यांनी माझ्याकडे द्या. दर रविवारी संध्याकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात असतो.

आणि स्मरणिका समितीला एक सूचना. या अंकाच्या दोन प्रती ऑफिसच्या कपाटात ठेवाव्यात, सगळ्या जाहिरातींसकट, बांधणी न करता. सुवर्णमहोत्सवाला आपली नातवंडं ती उघडतील तेव्हा आपली मनोगतं ती कदाचित वाचणार नाहीत. पण कोपऱ्यावर किराणा दुकान होतं, लिफ्टच्या देखभालीला माणूस यायचा, दहावीचा क्लास तळमजल्यावर होता आणि पैसे द्यायला एक काळा-पांढरा चौकोन फोनसमोर धरायचे, हे त्यांना तिथेच सापडेल. तेव्हा ती पानं चिकटलेली नसावीत, एवढी काळजी घेऊ या.